कटऑफ, पसंतीक्रम आणि शक्यता : बारावीनंतरच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा अंदाज कसा बांधावा?
(मुंबई उपनगरांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील विज्ञान शाखेच्या अध्यापकाला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. 'सर, एवढ्या पर्सेंटाइलला एसपीआयटी मिळेल का?', 'मॅडम, व्हीजेटीआयचा विचार सोडूनच द्यावा का?' प्रश्न विचारणारा विद्यार्थी असतो, बहुधा सोबत पालकही असतात. अध्यापक मागील वर्षीचा कटऑफ पाहतात आणि 'मिळेल' किंवा 'मिळणार नाही' असे एका शब्दाचे उत्तर देतात. या उत्तरावर विद्यार्थी आपली पसंतीची यादी रचतो आणि त्या यादीवर त्याची पुढील चार वर्षे अवलंबून राहतात. असे असूनही हा अंदाज कशाच्या आधारे बांधावा, त्यावर किती विसंबावे आणि त्याचा वापर नेमका कोठे करावा, याची शिस्तशीर चर्चा आपल्या महाविद्यालयांत क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात ती चर्चा करण्याचा प्रयत्न आहे. लेखातील प्रमुख प्रतिपादन असे की, प्रवेशाचा अंदाज यादीत कोणते विकल्प असावेत हे ठरविण्यासाठी उपयोगी पडतो. परंतु त्या विकल्पांचा क्रम अंदाजावरून लावणे बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या हिताविरुद्ध जाते. व्यवहारात मात्र नेमके उलट घडताना दिसते.

कटऑफ कोण ठरवितो?

'यंदा अमुक महाविद्यालयाने कटऑफ वाढविला' असे वाक्य वृत्तपत्रांतून आणि स्टाफरूममधूनही सर्रास ऐकू येते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ज्याला आपण कॅप म्हणतो त्यात, माटुंग्याची व्हीजेटीआय असो की विलेपार्ल्याचे द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय असो, कोणतीही संस्था कटऑफ ठरवीत नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष गुणवत्ता यादी तयार करतो. यादीतील क्रमानुसार प्रत्येक उमेदवाराला त्याच्या पसंतींपैकी जी सर्वांत वरची जागा त्या क्षणी शिल्लक असेल ती दिली जाते. एखाद्या शाखेची शेवटची जागा ज्या उमेदवाराला मिळाली, त्याचा गुणवत्ता क्रमांक आणि त्याचे पर्सेंटाइल म्हणजे त्या जागेचा कटऑफ होय.

याचा अर्थ कटऑफ हे आधी घातलेले कुंपण नाही. भरती ओसरल्यावर जुहूच्या वाळूवर जी ओली रेषा राहते, तिच्याशी त्याचे साम्य अधिक आहे. ती रेषा पाणी कोठवर आले होते हे सांगते. उद्या ते कोठवर येईल हे ती ठरवीत नाही. कटऑफ तीन गोष्टींनी ठरतो : त्या प्रकारच्या जागा किती, आपल्या पुढे उमेदवार किती, आणि त्या पुढील उमेदवारांनी काय मागितले. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अस्थिर असते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

उपनगरांत या तिसऱ्या गोष्टीचा रेल्वेशी जवळचा संबंध आहे. मुलुंडचा विद्यार्थी आणि बोरिवलीचा विद्यार्थी गुणांनी समान असले तरी त्यांच्या याद्या सहसा समान नसतात. मध्य रेल्वेवरील कुटुंबाला विद्याविहार व माटुंगा जवळचे वाटते, पश्चिम रेल्वेवरील कुटुंबाला विलेपार्ले व अंधेरी. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरहून अंधेरीला जाण्यासाठी दादरला वळसा घालण्याची वा बसने तिष्ठत बसण्याची गरज उरली नाही. अशा बदलांनी पसंती सरकतात आणि पसंती सरकल्या की रेषाही सरकते. त्यात महाविद्यालयाच्या गुणवत्तेचा काही संबंध नसू शकतो.

पर्सेंटाइलकडून गुणवत्ता क्रमांकाकडे

अंदाज बांधण्यासाठी कोणते माप वापरावे, हा पहिला तांत्रिक प्रश्न. मापच बदलत गेल्याचा राज्याला दीर्घ अनुभव आहे. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेन आणि बारावीचे गुण यांचा निम्मा-निम्मा भार धरण्यात आला होता. २०१६ पासून एमएचटी-सीईटी पुन्हा आधार ठरली. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली आणि २०० पैकी गुणांऐवजी पर्सेंटाइल जाहीर होऊ लागले. २०१८ चे १५० गुण आणि २०१९ चे पर्सेंटाइल एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडण्यात काहीच अर्थ नाही. तरीही असे तक्ते अनेक वर्षे फिरत राहिले.

पर्सेंटाइलचा अर्थ साधा आहे. आपल्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती उमेदवारांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, हा तो आकडा. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के गुण नव्हेत, हे अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. पालकांना मात्र दर वर्षी सांगावे लागते. समजा, एखाद्या वर्षी भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गटाला चार लाख उमेदवार बसले. तर ९८ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे आठ हजार उमेदवार असतात आणि ९७.५ मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे दहा हजार. ज्याला आपण 'अर्ध्या टक्क्याचा फरक' म्हणतो तो प्रत्यक्षात दोन हजार विद्यार्थ्यांचा फरक आहे.

तरीही अंदाजासाठी पर्सेंटाइलपेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांक अधिक विश्वासार्ह मानावा. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, परीक्षेला बसलेले सर्व उमेदवार प्रवेश प्रक्रियेत उतरत नाहीत. गुणवत्ता यादीत ज्यांनी कॅपसाठी नोंदणी केली तेच असतात. (नोंदणी करूनही पवईच्या आयआयटीत किंवा अन्य राष्ट्रीय संस्थेत जागा मिळालेले विद्यार्थी पुढे गळतात. पहिल्या फेरीचा कटऑफ नंतरच्या फेऱ्यांत उतरतो, याचे एक कारण हेच.) दुसरे कारण नवीन आहे. २०२६ च्या प्रवेशांसाठी ही परीक्षा दोनदा घेण्याचा आणि दोहोंपैकी सरस कामगिरी ग्राह्य धरण्याचा निर्णय जाहीर झाला. दोन प्रयत्नांतील चांगला आकडा धरला की ९९ पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांची संख्या एक टक्क्यापुरती मर्यादित राहत नाही. तत्त्वतः ती दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा व्यवस्थेत २०२५ चे ९९ आणि त्यानंतरचे ९९ यांचा दर्जा एक राहत नाही. गुणवत्ता क्रमांक मात्र क्रमांकच राहतो : तीन हजारावा विद्यार्थी कोणत्याही वर्षी तीन हजारावाच असतो.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अकरावीचे प्रवेश दहावीच्या थेट गुणांवर होतात, म्हणून तेथे मापाची लांबीच बदलू शकते. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून घेतल्यावर तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते परत दिल्यावर ९५.३० आणि २०२१ मध्ये, परीक्षाच न झाल्याने, ९९.९५ टक्के झाला. विद्यार्थ्यांची गुणवत्ता तीन वर्षांत अशी हेलकावली नाही. फूटपट्टी आखडली आणि ताणली गेली. २०१९ मध्ये मागील वर्षीचे आकडे पाहून खचलेल्या दहावीच्या मुलांना कोणी तरी 'सर्वांचेच गुण खाली आले आहेत, तुमचा क्रम तोच आहे' असे सांगायला हवे होते.

जागा किती, हे आधी मोजावे

महाविद्यालयाची मंजूर क्षमता आणि विशिष्ट विद्यार्थ्याला खुली असलेल्या जागा यांत मोठे अंतर असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका खासगी विनाअनुदानित अल्पसंख्याक महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची ६० जागांची एक तुकडी आहे. ५१ टक्के जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी आणि २० टक्के संस्थास्तरीय म्हणून बाजूला गेल्या की, उरलेल्या २९ टक्क्यांत सुमारे १७ जागा येतात. त्या समाजाबाहेरील विद्यार्थ्यासाठी हे '६० जागांचे' महाविद्यालय नाही, १७ जागांचे आहे. त्या समाजातील विद्यार्थ्यासाठी चित्र पूर्णतः वेगळे आहे. मुंबईतील अनेक नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयांना भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा असल्याने हा हिशोब येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. गुजराती, सिंधी वा हिंदी मातृभाषा असलेल्या घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक कुटुंबांना या हक्काची कल्पना असते, परंतु त्याचे प्रमाणपत्र वेळेत काढण्याची कल्पना नसते, असे अनुभवास येते.

कटऑफच्या तक्त्यांतील सांकेतिक अक्षरेही नीट वाचली पाहिजेत. आरंभीचे 'जी' सर्वसाधारण जागा आणि 'एल' महिलांसाठी राखीव जागा दर्शविते. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचे 'एच', 'ओ' किंवा 'एस' हे अक्षर अनुक्रमे गृह विद्यापीठ, अन्य विद्यापीठ व राज्यस्तर सांगते. गृह विद्यापीठ कुटुंबाच्या राहत्या पत्त्यावरून ठरत नाही. विद्यार्थी ज्या महाविद्यालयातून बारावी उत्तीर्ण झाला ते कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते त्यावरून ठरते. बोरिवलीत वाढलेली मुलगी अकरावी-बारावीसाठी लातूरला गेली असेल, तर 'एच' अक्षराच्या जागांसाठी ती मुंबईची राहत नाही. तिने मैत्रिणीच्या तक्त्यावरून अंदाज बांधल्यास तो चुकणारच.

मागील वर्षीचे आकडे वापरताना जागांची रचना बदलली आहे काय, हे प्रथम तपासावे. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आल्या. मराठा समाजासाठीचे आरक्षण २०१८ च्या कायद्याने आले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत मान्य केले, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि २०२४ मध्ये नव्या कायद्याने १० टक्के आरक्षण पुन्हा आले. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरील जागांची कमाल मर्यादा उठविल्याने संगणकाशी संबंधित शाखांत तुकड्या वाढू शकल्या. २०१९ मध्ये सोमय्या विद्याविहार विद्यापीठ स्थापन झाले. खासगी विद्यापीठाखाली गेलेल्या संस्थेचे कॅपमधील जुने आकडे हा आता इतिहास होय. या प्रत्येक बदलाने मागील रेषा कोठे तरी हलविली आहे. खुल्या प्रवर्गाचा २०२० चा आणि २०२४ चा कटऑफ सलग रेषेने जोडणारा आलेख दिसायला सुबक असला तरी तो दोन वेगळ्या वस्तूंचा आलेख असतो.

अंदाज पट्ट्यात द्यावा

एवढी काळजी घेतल्यानंतर पद्धत सोपी आहे. समान नियमांच्या शक्य तितक्या, निदान तीन, वर्षांचे त्याच संस्थेचे, त्याच शाखेचे, त्याच जागाप्रकाराचे अंतिम फेरीतील शेवटचे गुणवत्ता क्रमांक एकत्र लिहावेत. विद्यार्थ्याचा क्रमांक त्यांपैकी सर्वांत कठीण वर्षातही आत बसत असेल तर प्रवेश बहुधा मिळेल. काही वर्षी आत व काही वर्षी बाहेर असेल तर प्रवेश शक्य आहे. सर्वांत सैल वर्षातही तो बऱ्यापैकी बाहेर असेल तर प्रवेश दुरापास्त समजावा. याहून अधिक सूक्ष्म आकडा, उदाहरणार्थ '७३ टक्के शक्यता', देणाऱ्या संगणकीय भाकितांकडे सावधपणे पाहिलेले बरे. तीन-चार वर्षांच्या नोंदींतून तेवढी सूक्ष्मता निघू शकत नाही.

ज्या प्रकारात जागा थोड्या, तेथे पट्टा रुंद ठेवावा लागतो. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे सांगणे नको, पण इतर विषयांच्या अध्यापकांसाठी स्पष्ट करतो. तीस जागांच्या प्रकारात शेवटचा क्रमांक ठरताना तीस जणांच्या निवडी मागे असतात. एकाने मन बदलले तरी रेषा थोडीच हलते. भटक्या जमाती 'ड' प्रवर्गाचे आरक्षण २ टक्के आहे, म्हणजे ६० च्या तुकडीत जेमतेम एक जागा. तिचा कटऑफ एका विद्यार्थ्याच्या निर्णयावर ठरतो. एका वर्षी तो खुल्या प्रवर्गाच्या जवळ असेल आणि पुढील वर्षी हजारो क्रमांक खाली. अशा प्रवर्गातील मुलांना गतवर्षीचा आकडा दाखवून नाउमेद करणे ही संख्याशास्त्रीय चूक तर आहेच, पण तिची किंमत ज्यांना सर्वांत कमी वाटा मिळाला आहे त्यांनाच मोजावी लागते.

आणखी एक गैरसमज सुशिक्षित पालकांत विशेष आढळतो. 'पाच महाविद्यालयांत प्रत्येकी २० टक्के शक्यता आहे, म्हणजे कोठे तरी लागण्याची शक्यता बरीच झाली.' गणित असे मांडले जाते : एकही न मिळण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के; म्हणून एक तरी मिळण्याची ६७ टक्के. पाच घटना परस्परांपासून स्वतंत्र असत्या तर हे बरोबर ठरले असते. पण येथे गुणवत्ता क्रमांक एकच आहे आणि पाचही रेषा एकाच लाटेने पुढे-मागे होतात. वर्ष कठीण गेले तर पाचही दारे एकदम बंद होतात. त्यामुळे खरी शक्यता २० टक्क्यांपेक्षा फारशी अधिक नसते. ही पाच तिकिटांची सोडत नव्हे. एकाच तिकिटाच्या पाच प्रती होत. यादीत महत्त्वाकांक्षी विकल्प कितीही असोत, खालच्या पट्ट्यातील खात्रीचे विकल्प त्यामुळे अनावश्यक होत नाहीत.

क्रम अंदाजाने लावू नये

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विद्यार्थ्यांच्या याद्यांत एक आकृतिबंध वारंवार दिसतो. खरी इच्छा व्हीजेटीआयची असते, परंतु 'तेथे मिळणारच नाही, मग पहिला क्रमांक कशाला वाया घालवायचा' असे म्हणून घराजवळचे, हमखास मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले जाते. यामागे अशी समजूत असते की पहिली पसंती फुकट गेली तर दुसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयात आपला नंबर मागे पडतो.

ही समजूत निराधार आहे. गुणवत्ता क्रमाने होणाऱ्या वाटपात, एखादी जागा मागताना आपण ती कितव्या पसंतीला लिहिली याने स्पर्धेतील स्थान बदलत नाही. आपली पाळी आली की यंत्रणा यादी वरून खाली वाचते. वरच्या तीन जागा संपलेल्या असतील तर चौथी देते. आणि ती चौथी आपल्या मागच्या क्रमांकाच्या उमेदवाराने पहिली म्हणून लिहिली असली तरी आपल्यालाच देते. अशा पद्धतीत खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणे हीच सर्वोत्तम नीती ठरते, हे गणिताने सिद्ध करता येते. या विषयाचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या, महाविद्यालयीन प्रवेशांवरीलच एका छोट्या निबंधाने घातला. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आयआयटी व एनआयटी यांचे २०१५ पासूनचे संयुक्त जागावाटपही त्याच परंपरेतील गणितावर उभे आहे.

उलटपक्षी, खात्रीचे महाविद्यालय वर लिहिण्याची शिक्षा नियमांतच आहे. पहिली पसंती पहिल्या फेरीत मिळाली की ती जागा आपोआप कायम होते, म्हणजे 'फ्रीझ' होते, आणि उमेदवार पुढील फेऱ्यांतून बाहेर पडतो. २०२५-२६ च्या नियमांत चार फेऱ्या झाल्या आणि हे बंधन वाढविण्यात आले : दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाल्यास ती स्वीकारणे आवश्यक करण्यात आले. समजा, बोरिवलीच्या एका मुलाने भीतीपोटी जवळचे महाविद्यालय पहिले आणि अंधेरीचे सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेचे नाव दुसरे लिहिले. पहिल्या फेरीत त्याला जवळचे मिळाले. तिसऱ्या फेरीत अंधेरीची रेषा त्याच्या क्रमांकाच्या खाली आली, तरी तो तेव्हा प्रक्रियेत नाही. त्याच्या मागच्या क्रमांकाचा विद्यार्थी ती जागा घेऊन जातो. यात कोणाचाही अन्याय नाही; यादीत जे लिहिले ते यंत्रणेने प्रामाणिकपणे दिले.

सूक्ष्म वाचकाच्या मनात येथे शंका येईल. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींचे बंधन असेल तर खरी तिसरी पसंती मिळालेल्या विद्यार्थ्याची पहिलीकडे सरकण्याची संधी जाते. मग यादीच्या माथ्यावर काही अप्राप्य विकल्प घालून आपली तिसरी पसंती सहाव्या-सातव्या स्थानी नेणे शहाणपणाचे नाही का? शंका रास्त आहे. बंधन वाढल्याने खऱ्या क्रमाचा नियम किंचित ढिला झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु माथ्यावर घातलेला विकल्प खरोखर अप्राप्य आहे, हे आपण ज्या आकड्यांवरून ठरवितो ते किती हलते असतात, हे वर पाहिलेच. नको असलेली जागा 'मिळणारच नाही' म्हणून लिहिली आणि ती मिळाली, तर ती नाकारता येत नाही. म्हणून माथ्यावर जे घालायचे ते मिळाल्यास आनंदाने स्वीकारता येईल असेच असावे. आणि तसे असेल तर ती अखेर खरी पसंतीच झाली.

अकरावीसाठी नियम वेगळा का?

ज्या अध्यापकांचा संबंध अकरावीच्या प्रवेशांशी येतो त्यांनी वरील निष्कर्ष तेथे जसाच्या तसा लावू नये. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ मध्ये सुरू झालेली आणि २०२५ मध्ये संपूर्ण राज्यात लागू झालेली अकरावीची ऑनलाइन प्रक्रियाही गुणवत्ता क्रमानेच जागा देते. तेथेही पहिली पसंती मिळाल्यास प्रवेश घेणे बंधनकारक असते. मात्र विकल्प जास्तीत जास्त दहाच देता येतात. दहांची मर्यादा आली की अंदाजाला महत्त्व येते, कारण दहाही नावे मिठीबाई, रामनिरंजन झुनझुनवाला, वझे-केळकर अशा चढाओढीच्या महाविद्यालयांची असली तर फेरी कोरडी जाऊ शकते. तेथे विद्यार्थ्याने दहा जागा तिन्ही पट्ट्यांत वाटाव्यात : काही दुरापास्त पण हव्याशा, बऱ्याचशा शक्य कोटीतील, दोन-तीन खात्रीच्या. निवडलेल्या दहांचा आपापसातील क्रम मात्र तेथेही मनातल्या पसंतीचाच असावा. अंदाजाने दहा निवडावेत. क्रम आवडीने लावावा.

परदेशी अर्जांबाबत दोन शब्द

उपनगरांतील काही विद्यार्थी बारावीनंतर थेट अमेरिकेत अर्ज करतात आणि अध्यापकांकडून शिफारसपत्रे मागतात. तेथील निवडक विद्यापीठांत कटऑफ नसतो. शालेय गुण, निबंध, शिफारसपत्रे व अन्य उपक्रम एकत्र वाचले जातात. विद्यापीठ प्रसिद्ध करते तो प्रवेशाचा सरासरी दर. तो कोणा एका अर्जदाराची शक्यता नव्हे, कारण त्यात देशी-परदेशी, आर्थिक साहाय्य मागणारे व न मागणारे असे सर्व मिसळलेले असतात. आपल्याकडील पट्ट्यांची पद्धत तेथे चालत नाही आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याने भाकीत करण्याच्या भरीस न पडलेलेच बरे.

अंदाजांची नोंद

हवामान खाते पावसाचा अंदाज देते आणि दुसऱ्या दिवशी तो तपासता येतो. आपण अध्यापक दर वर्षी शेकडो अंदाज देतो, परंतु ते कोठेही लिहून ठेवीत नाही, त्यामुळे आपण किती वेळा बरोबर होतो हे आपल्यालाच ठाऊक नसते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाने एक साधी वही ठेवली तरी पुरे. त्यात विद्यार्थ्याचे नाव नको. गुणवत्ता क्रमांक, जागाप्रकार, मागितलेली शाखा, दिलेला पट्टा आणि शेवटच्या फेरीनंतर काय मिळाले, एवढ्या पाच रकान्यांत नोंद करावी. तीन वर्षांनी वही उघडली की 'बहुधा मिळेल' म्हटलेल्यांपैकी किती जणांना मिळाले, 'दुरापास्त' म्हटलेल्यांपैकी किती जण आत गेले हे मोजता येईल. दुसऱ्या गटाचा आकडा विशेष लक्षपूर्वक पाहावा. 'शक्य' म्हटलेले न मिळाल्यास विद्यार्थी तक्रार घेऊन येतो. 'नाही' ऐकून ज्याने ते नाव यादीत लिहिलेच नाही, तो परत येत नाही. आणि पहिल्या चार रकान्यांची नोंद सल्ला देतानाच झाली नसेल, तर त्याचा पत्ता पाचव्या रकान्यालाही लागत नाही.